तीन कुलपांचं यंत्र

१२ जून

आत्या,

नमस्कार. पत्र उशिरा लिहिते म्हणून मनात चार शिव्या घातल्या असशीलच, त्या पोचल्या. परवा फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला. मी विचारत होते की कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, आणि तू म्हणालीस, "हो हो, जेवले." तेव्हाच ठरवलं, आता पत्रच. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत, आणि लिहायला गेलीस तर तुझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं.

बातमी अशी की आमच्या यंत्राचं उन्नतीकरण होणार आहे. मी नक्की काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस, म्हणून एकदाचं लिहूनच देते. दोन रेणू एकमेकांना चिकटतात की नाही, एवढंच आमचं यंत्र बघतं. छोट्याशा भांड्यात एक रेणू सोडायचा आणि सुईने दुसरा थेंबथेंब घालायचा. चिकटले तर ऊब निघते, तुझ्या-माझ्या बोटाला कळणार नाही इतकुशी, पण यंत्राला कळते. पडद्यावर डोंगर उमटतात. नाही चिकटले तर सरळ रेघ. झालं. एवढ्यावर माझं पोट चालतं.

सगळ्या विभागांत मिळून हे एकच यंत्र. वापरायचं असलं की ते प्रत्येकाला आपलं वाटतं, पुसायची वेळ आली की सामायिक होतं. फार जुनं झालंय, आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. आता नवं येणार. त्यासाठी उन्नतीकरण समिती नेमली आहे. यंत्र कोणतं घ्यायचं हे समितीने चहा गार व्हायच्या आत उरकलं. खोलीच्या पडद्यांचा रंग मात्र गेल्या हिवाळ्यापासून चाललाय. निळा म्हटलं की एक सदस्य उठून जातो, पिवळा म्हटलं की दुसरा. ही समिती एकही काम पुरं करत नाही, असं मी नाही म्हणत. तिचा स्वतःचा वार्षिक अहवालच अर्धा आहे.

आता खरी गोष्ट. नव्या यंत्राला कायमस्वरूपी प्रभारी लागतो. साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की उद्घाटन झालं की तुमचा आदेश हातात. आत्या, इतकी वर्षं दर सहा महिन्यांनी "मुदत वाढवण्यात येत आहे" असा कागद वाचतेय मी! कायम झाले की आवारात घर मिळतं. दोन खोल्या आणि बाल्कनी. तू ये राहायला. त्या जिन्यावरून चढउतार किती दिवस करणार आहेस? आई-बाबांच्या मागे मला तरी दुसरं कोण आहे?

तुझी
घुमी


२१ जून

घुमे,

तोंड चालत नसलं तरी तुझा हात बरा चालतो म्हणायचा. लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसायचीस, तेव्हापासून तुला घुमी म्हणतेय. पत्रात मात्र समितीची चांगली सालटी काढलीस. हेच त्यांच्या तोंडावर बोलून दाखव, मग नाव बदलेन.

जुन्या यंत्राला म्हातारी म्हणता का गं? वा! अजून चालतंय, सगळ्यांचं काम करतंय, तक्रार नाही, आणि नाव काय तर म्हातारी. मला मागे काय म्हणत असशील कोण जाणे.

तुझं काम मला आता पुरतं कळलं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना जोडून देण्यातच गेली. लाइन जोडली म्हणजे बोलणं होतंच असं नाही हे मी पुष्कळ ऐकलंय. कित्येकदा दोन्ही टोकांना नुसती खरखर, आणि बिल मात्र पूर्ण. आता मलाच ऐकू येत नाही, यावर हसायचं असेल तर हसून घे. माझं हसून झालंय.

कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

राहायला येण्याचं मात्र नाव काढू नकोस. मी इथे मजेत आहे. माझी खिडकी आहे, माझी खुर्ची आहे, खाली बेकरीवाला आहे. तुझ्या त्या आवारात शास्त्रज्ञांच्या बायका संध्याकाळी फेऱ्या मारणार, आणि मी काय त्यांच्यामागे धावू? छे. आणि बाल्कनी कुठल्या बाजूला आहे? सकाळचं ऊन येतं की दुपारचं? आपलं सहज विचारतेय.

आत्या


९ ऑगस्ट

आत्या,

यंत्र आलं! आलं म्हणजे फाटकापाशी आलं. खोका दारातून आत जाईना. दाराचं माप समितीने घेतलं होतं, पण बंद दाराचं की उघड्या दाराचं यावर आता वाद चाललाय. शेवटी भिंत फोडली. म्हातारीला उचलून बाहेर बोळात ठेवलंय, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. येणारे-जाणारे तिच्यावर हेल्मेट ठेवतात. तरी प्लग लावला की बिचारी सुरू होते.

नव्या यंत्राला खोलीचं तापमान जरासुद्धा हललेलं चालत नाही, म्हणून त्याच्याबरोबर खास एसी आला. तो साहेबांच्या केबिनमध्ये बसवला. कारण विचारलं तर म्हणाले, यंत्राविषयीचे सगळे निर्णय इथेच होतात, ते थंड डोक्याने व्हायला हवेत. आता यंत्राच्या खोलीत पंखा आहे. पंखा लावला की यंत्र कुरकुरतं, बंद केला की मी.

आणि कुलपं! यंत्र सामायिक, म्हणजे किल्ली कोणा एकाकडे कशी राहील? म्हणून दाराला तीन कुलपं घातली. एक किल्ली भौतिकवाल्या सरांकडे, एक रसायनवाल्या सरांकडे, एक जीवशास्त्रवाल्या सरांकडे. तिघांचं आपसात बोलणं नाही. रोज सकाळी मी तिघांच्या दारात जाऊन उभी राहते. एक आंघोळीला गेलेला असतो, एक म्हणतो "तो आला की मी येतो," आणि तिसरा "तो येणार असेल तर मी येत नाही." प्रभारी मी, आणि किल्ली तेवढी माझ्याकडे नाही.

उद्घाटन ऑक्टोबरात. एक मोठे पाहुणे येणार. त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक कशाचं, तर साहेबांच्या रेणूचं. हा रेणू साहेबांनी तरुणपणी बनवला. तो आजाराच्या एका प्रोटीनला घट्ट चिकटतो, त्यातून कधीतरी औषध होईल, अशी त्याची ख्याती. जिन्यात साहेबांचा मोठा फोटो आहे, हातात त्या रेणूची लाकडी गोळ्यांची प्रतिकृती. एक गोळी पडलीय, ती शिपायाने डिंकाने लावली.

तुझ्या घराचं वाचून बरं वाटलं. इतकी मजेत असशील तर मी मागे लागत नाही. मग दोन खोल्यांसाठी कशाला भांडायचं? कार्यालयातला कारकून म्हणत होता की एका खोलीचं घर लवकर मिळेल. तोच अर्ज करते.

तुझी
घुमी


१८ ऑगस्ट

घुमे,

एका खोलीचं घर अजिबात घेऊ नकोस. वेडी की काय! हक्काच्या दोन मिळताहेत तर दोन घे. एकीत राहा आणि एकीत कपडे वाळत घाल. माणसाला दुसरी खोली लागतेच. अडीअडचणीला. कोणी आलं-गेलं तर. मी माझ्यासाठी म्हणत नाहीये.

त्या कारकुनाचं ऐकू नकोस. स्वतः दोन खोल्यांत राहत असेल मेला.

तुमच्या तीन कुलपांचं शेजारणीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिची कवळी निसटली. म्हणाली, आमच्या तीन सुनांचं स्वयंपाकघर अगदी असंच आहे.

इथे सगळं ठीक. जुनी मोठी ट्रंक देऊन टाकली, जागा अडवत होती. शिवणयंत्रही दिलं. परवा घरमालकाची सून टेप घेऊन आली आणि माझ्या खोलीची लांबी-रुंदी घेऊन गेली. मी म्हटलं काय गं, तर ओठ हलले, मला काही कळलं नाही. पडदे शिवणार असेल.

उन्हाचं सांगितलं नाहीस.

आत्या


६ ऑक्टोबर

आत्या,

ऊन सकाळचं येतं. बघून आले. घरमालकाची सून तुझ्या खोलीला पडदे शिवतेय हे वाचून समाधान वाटलं. अशी माणसं कुठे मिळतात आजकाल!

मी मात्र मोठ्या पेचात पडलेय, आणि तुझ्याशिवाय सांगणार कोणाला?

गेल्या आठवड्यात तिन्ही किल्ल्या एकदाच्या जुळल्या. मी उद्घाटनाची रंगीत तालीम म्हणून साहेबांचा रेणू नव्या यंत्रात घातला. सरळ रेघ. पुन्हा घातला. सरळ रेघ. नवं प्रोटीन घेतलं, सुई बदलली, पंखा बंद करून घामाघूम होऊन बसले. आत्या, सरळ रेघ! बोळात जाऊन म्हातारीवरची हेल्मेटं उतरवली आणि तोच रेणू तिच्यात घातला. डोंगर!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं.

बघ, साहेबांचा रेणू नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्याला वेगळं द्रावक लागतं. ते द्रावक पाण्यात पडलं की त्याचीच थोडी ऊब निघते, रेणू असो वा नसो. म्हणून आधी एक रिकामी फेरी करायची असते. रेणूशिवाय, नुसतं द्रावक. त्याची ऊब मोजायची आणि खऱ्या फेरीतून वजा करायची. पण रिकामी फेरी म्हणजे यंत्र दुप्पट वेळ अडकणार. सामायिक यंत्र, मागे रांग, दारात लोक बर्फाचे डबे घेऊन उभे. म्हणून आमच्याकडे रीत पडली. साहेबांनी अगदी सुरुवातीला एक रिकामी फेरी केली होती, तीच सगळ्यांनी कायम वजा करायची. नंतर रेणू नीट विरघळेना म्हणून द्रावक वाढवलं. वजाबाकी तीच. मग आणखी वाढवलं. वजाबाकी तीच!

समज, तू साखर आणायला मोठा डबा नेलास आणि दुकानदाराने डब्याचं म्हणून जुन्या छोट्या डब्याचं वजन वजा केलं. साखर वाढल्यासारखी दिसेल ना? डबा रिकामा असला तरी दिसेल. आमच्या डब्यात साखर नव्हतीच गं. इतकी वर्षं आम्ही डबाच मोजत होतो.

नवं यंत्र रिकामी फेरी आपली आपण आधी करतं. ती टाळायचं बटणच त्याला नाही.

मी हिय्या करून साहेबांकडे गेले. त्यांनी आलेख डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उलटा धरून पाहिला. सरळ रेघ उलटी धरली तरी सरळच. म्हणाले, "यंत्र नवं आहे. त्याला अजून आपल्या संस्थेची सवय नाही." मग म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर म्हातारीचा जुना आलेख दाखवायचा. नवं यंत्र शेजारी गुणगुणत राहील, तुम्ही हिरवं बटण दाबायचं, डोंगर उमटतील, पाहुण्यांना काय कळतंय? आणि ड्रॉवर उघडून माझा आदेश दाखवला. कायम नेमणुकीचा, सही-शिक्क्यासकट. परत आत ठेवला आणि ड्रॉवर लावला.  

मी नेहमीसारखी मूग गिळून बाहेर आले.

आणखी एक. दूरच्या एका प्रयोगशाळेतली मुलगी मला अधूनमधून मेल करायची. ताई, आमच्याकडे तुमच्या साहेबांचा रेणू चिकटतच नाही, माझं काय चुकतंय? साहेबांचं उत्तर ठरलेलं, "तिचे हात चांगले नाहीत." मी तेच जरा गोड करून कळवायची. गेल्या महिन्यात तिचा शेवटचा मेल आला. ताई, मी संशोधन सोडतेय, माझे हातच चांगले नाहीत. आत्या, तिचे हात चांगले होते गं. चांगले होते म्हणूनच चिकटत नव्हता. 

काय करू? उद्घाटन अठराला आहे. लवकर लिही.

तुझी
घुमी


१० ऑक्टोबर

घुमे,

तुझं पत्र आत्ता आलं आणि आत्ताच उत्तर लिहितेय.

गप्प बस. बटण दाब. डोंगर दाखव आणि आदेश घे.

एक्स्चेंजमध्ये मी काय काय ऐकलंय! कोण कोणाला फसवतो, कोणाचं कोणाशी काय चाललंय, सगळं कानात. कधी ब्र काढला नाही, म्हणून नोकरी टिकली आणि पेन्शन मिळतेय. तुझ्या साहेबांचा रेणू चिकटला काय आणि न चिकटला काय, पृथ्वी फिरायची थांबणार आहे का? ती मुलगी दुसरं काहीतरी करेल. तरुण आहे. तू आता तरुण नाहीस. नवी नोकरी कोण देणार तुला? जन्मभर घुमी राहिलीस, आता ऐन वेळी कंठ फोडू नकोस. एवढा एक दिवस काढ. नंतर कायम झालीस की हवं तेवढं खरं बोल.

आणि दोन खोल्यांचाच अर्ज कर.

आत्या


१४ ऑक्टोबर

घुमे,

आधीचं पत्र फाडून टाक.

ते लिहिल्यापासून मला चैन नाही. शेजारणीला वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच थांबले. माझं मलाच ऐकवेना, आणि माझे कान असे.

खरं सांगते. घरमालकाची सून पडदे-बिडदे काही शिवत नाहीये. खोली पाडून खाली दुकान काढणार आहेत. जूनमध्येच सांगितलं होतं, तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. वर्ष संपेपर्यंत खोली सोडायची. तू "ये" म्हणालीस आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटली. या वयात भाचीच्या गळ्यात पडायचं, तेही पहिल्या हाकेला? म्हणून म्हटलं, जरा आढेवेढे घ्यावेत, दोनदा आग्रह करेल. तर तू शहाणी एका खोलीचा अर्ज करायला निघालीस! ट्रंक काय उगाच दिली मी? शिवणयंत्र काय उगाच दिलं? रोज मनातल्या मनात तुझ्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतेय.

तेव्हा "गप्प बस" हा काही तुझ्या भल्याचा सल्ला नव्हता. मी माझी खाट टाकत होते तुझ्या दुसऱ्या खोलीत. त्या पोरीच्या हातांचं तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं, आणि तरी लिहिलं काय, तर ती दुसरं काहीतरी करेल. जीभ कशी झडली नाही माझी.

तुला पटेल ते कर. माझं मी बघेन.

आत्या


२७ ऑक्टोबर

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. "गप्प बस" उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, आणि "फाडून टाक" उद्घाटन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. आमचं टपालही बहुतेक समितीच बघते.

घडलं ते सांगते.

खोलीला एकदाचे पडदे लागले होते. एक निळा, एक पिवळा. पाहुणे आले, फीत कापली, साहेबांचं भाषण झालं. त्यात स्वतःचं नाव इतक्या वेळा घेतलं की पाहुण्यांनी पुढे आभार मानताना यंत्रालाच साहेबांच्या नावाने हाक मारली. मग मला खूण केली. मी यंत्राशेजारी उभी. समोर हिरवं बटण. तुझं पत्र पर्समध्ये.

आत्या, तू लिहिलंस गप्प बस. मी अक्षरशः गप्प बसले. हिरवं बटणसुद्धा दाबलं नाही. साहेबांचा रेणू नव्या यंत्रात आधीच घातला होता, पडद्याची वायर त्यालाच जोडलेली ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिले.

पडद्यावर सरळ रेघ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साहेब माझ्याकडे बघताहेत, मी रेघेकडे बघतेय. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! म्हणाले, "वा, किती सरळ! कुठे म्हणून चढउतार नाही. असं काम हवं." सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. साहेबांच्या जिवात जीव आला, तेही वाजवायला लागले. मला वाटलं, सुटलो सगळे. खोटं बोलावं लागलं नाही, खरं बोलावं लागलं नाही, आणि घरही मिळतंय.

तेवढ्यात जीवशास्त्रवाले सर उठले. त्यांचं आणि साहेबांचं गाडी सावलीत कोणी लावायची यावरून कैक वर्षांचं वाकडं. सत्याची चाड वगैरे काही नव्हती, सावलीचाच राग होता. विचारलं, "प्रभारी बाई, म्हणजे हा रेणू चिकटतो की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पलंग दिसेना खाली शिरायला.

मी बोलले, आत्या. आणि हळू बोलायला गेले तर आवाजच फुटेना, म्हणून जोर लावला. मोठ्याने बोलायची सवय मला एकाच माणसाशी आहे. तुझ्याशी फोनवर ओरडते ना, तोच आवाज लागला. "नाही चिकटत! कधीच चिकटत नव्हता! आम्ही जुनीच वजाबाकी करत होतो!" मागच्या रांगेत एक गृहस्थ दचकून जागे झाले. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण या वेळी एकट्यांनीच.

पुढचं ऐक. त्याच संध्याकाळी तिन्ही किल्लीवाले सर माझ्याकडे येऊन गेले. वेगवेगळे, एकमेकांना चुकवून. तिघांनीही माझी पाठ थोपटली, फार धाडस केलंत म्हणाले, आणि तिघांनीही आवाज बारीक करून तेच सांगितलं, "फक्त माझा रेणू त्यात घालू नका." त्या दिवसापासून तिन्ही कुलपं लागलेली आहेत, आणि आश्चर्य म्हणजे तिघांचं आपसात बोलणं सुरू झालंय. अळीमिळी गुपचिळी. म्हातारी बोळातून परत जागेवर आली आहे. लोक म्हणतात, काही म्हणा, जुनं ते अनुभवी.

आदेश साहेबांनी ड्रॉवरमधून काढला आणि माझ्यासमोर फाडला. तेव्हा कायम नाही, घर नाही, बाल्कनी नाही. मला काढूनच टाकणार होते, पण सगळ्यांसमोर बोलल्यामुळे आधी चौकशी करणं भाग आहे. यंत्र खोटं की मी, याची. चौकशी पुरी होईपर्यंत माझी मुदत वाढवण्यात येत आहे. चौकशी कोणाकडे, सांग? उन्नतीकरण समितीकडे! पहिल्या बैठकीत चौकशीच्या फायलीचा रंग ठरला नाही. एका सदस्याला निळी नको आहे. मी हिशेब केला, निवृत्त होईपर्यंत सहज पुरेल.

त्या मुलीला मेल केला, तुझे हात चांगले आहेत. फक्त एवढंच लिहिलं. अजून उत्तर नाही. येईल न येईल.

आता तुझ्यावरचा राग. जूनपासून खोली सुटणार हे तुला माहीत, आणि मला बाल्कनीचं ऊन विचारत बसलीस? आणि मी मूर्ख, त्या सुनेचं कौतुक करत बसले! आपण दोघी सारख्याच. ज्या गोष्टीने जीव जातो ती सोडून सगळं लिहितो.

माझी खोली एकच आहे. भाड्याची. खिडकीतून समोरची भिंत दिसते. ऊन येत नाही, कुठल्याच बाजूने. पाहुणी म्हणून नाही, कायमची ये. हा आग्रह आहे. हा दुसरा आग्रह आहे. दोनदा झाला.

तुझी
(नाव आता तू ठरव)


३ नोव्हेंबर

बाई गं,

नाव काही सुचत नाही. घुमीच राहू दे, फार वर्षांची सवय आहे.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. सरळ रेघेला टाळ्या पडल्या तिथे ती हसली, आदेश फाडला तिथे रडली, आणि मी तुझ्याकडे येतेय म्हटल्यावर रुसली. तिला खुर्ची दिली, तेव्हा थोडी निवळली.

मला यायचंच होतं. तुझ्या पहिल्या पत्रापासून. आता लिहून टाकलं, बरं वाटलं. ऊन नको, बाल्कनी नको. दोन बायका एका खोलीत म्हणजे भांडणं होणार, ती होऊ देत. मला निम्मी ऐकूच येणार नाहीत.

तुझ्या साहेबांना मात्र निरोप सांग, आता ही दुसरी म्हातारीही जागेवर येतेय, हेल्मेट ठेवायला दुसरी जागा बघा.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने निघतेय, संध्याकाळी पोचेन. सामान म्हणजे एक पेटी आणि एक उशी. स्टेशनवर गर्दी असेल आणि माझी नजरही आता बेताचीच आहे. लांबून हाका मारत उभी राहू नकोस, तुझा आवाज आता कितीही मोठा झाला असला तरी. मला ऐकू येणार नाही. पुढे ये आणि हात धर.

आत्या